धनेश सोडून सगळे पक्षी

घरात रिकाम्या पिशव्या साठतात तसे आमच्या कार्डवाल्यांचे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि टाकवतही नाहीत.

आम्ही चौघं. शिरगावचे तांडेलकाका, सफाळ्याचे सावे गुरुजी, बोईसरचा भंगारवाला मिश्रा आणि तारापूरच्या कारखान्यात शिफ्टा करून पिचलेला मी. आमच्या लहानपणी गोळ्यांच्या पुड्यात पक्ष्यांची रंगीत कार्डं निघायची. कंपनी कधीच बंद पडली, पण आमचं कार्डं गोळा करणं चालूच. रविवारी जग झोपा काढतं आणि मी काकांच्या ओटीवर बसून बगळ्याचे कोपरे तपासतो. काकांची होडी विकली गेली, काकू गेल्या, मुलगा गुजरातेत. त्यांच्या वहीत सगळे पक्षी आहेत, फक्त शेवटचा धनेश नाही. मुलांनी पुडे घेत राहावं म्हणून कंपनीने धनेश मुद्दाम कमी छापला होता म्हणे.

*

मिश्राला सुरुवातीला यातलं काही कळत नव्हतं. एकदा तो दुर्मीळ घुबड घेऊन आला, चक्क लॅमिनेट करून! जुनं कार्ड लॅमिनेट केलं की आमच्या लेखी संपलं.

"अब पचास साल कुछ नहीं होगा," मिश्रा खुशीत म्हणाला.

काकांनी घुबड उलटंपालटं करून पाहिलं. "नाय व्हनार. मेलेल्याला आनखी काय व्हनार?"

*

काका जास्तीची कार्डं पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डब्यात आधी सुके बोंबील असायचे. गुरुजींनी एकदा अदलाबदलीत त्यांच्याकडून पोपट घेतला. गुरुजी पक्के माळकरी. त्या दिवसापासून शेजारची मांजर त्यांच्या कपाटापुढून हलेना. बाईंना संशय आला, नवरा बाहेर काहीतरी खाऊन येतो. गुरुजींनी शपथा घेतल्या, शेवटी वही उघडून दाखवली.

बाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "चोरून खाता ते खाता, वर पुरावा जपून ठेवता?"

तेव्हापासून काकांच्या ओटीवर साबणाने हात धुतल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही, असा नियम झाला. नियम गुरुजींचा, साबण काकांचा.

*

उमरोळीच्या एका जुन्या दुकानात गोळ्यांचा न फोडलेला खोका आहे, अशी बातमी आली. मी नाइट शिफ्ट करून तसाच गेलो. खोका खरंच होता. पण गोळ्या वितळून सगळी कार्डं एकमेकांना चिकटली होती, नुसती वीट झालेली.

गुरुजी पूर्वी पोस्टाची तिकिटं जमवायचे. तिकिटं पाण्यात भिजवून सोडवतात, म्हणून त्यांनी वीट बादलीत टाकली. तासाभरात पाणी हिरवं, मग जांभळं झालं.

काका बादलीत बघत बसले. "ह्यात धनेश आसलाच तर आता प्यावा लागंल."

मी घरी जाऊन कपडे न बदलता झोपलो.

*

धनेश गुरुजींकडे आधीपासूनच होता. मग त्यांना सुतारपक्षी मिळाला आणि त्यांचा सेट पूर्ण झाला. त्यांनी आम्हाला पेढे दिले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला.

"आता येऊन काय करू?" गुरुजी म्हणाले. "पूर्ण झाला ना."

मला खरंच वाईट वाटलं. काका अजून चार कप मांडतात. चहा ओतताना रस्त्याकडे बघून विचारतात, "गुरुजी नाय आलं?"

*

आणि मागच्या महिन्यात मिश्राला भंगारातल्या एका कंपासपेटीत धनेश मिळाला. कोपरे शाबूत, चोच पिवळीधमक. त्याने दुकान बंद केलं, मी ओव्हरटाइम सोडला आणि दोघं शिरगावला पोचलो.

काकांनी साबणाने हात धुतले, पंच्याला पुसले, चष्मा लावला. कार्ड उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग वही उघडली. शेवटचा कप्पा रिकामा होता.

"बेस हाय," काका म्हणाले आणि त्यांनी धनेश माझ्या हातात परत दिला. "पन माज्या वहीत जागा नाय."

मिश्राने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकांनी वही मिटली आणि चहा ठेवायला आत गेले.

आतून त्यांचा आवाज आला, "उमरोळीला आजून येक जुना दुकान हाय म्हनतात. आयतवारी तुमी लवकर या. धनेश गावतो का बघू."