खेळ बंद होण्याआधीचा रविवार

तो गेम जेमतेम आठ महिने चालला. फुकट होता म्हणून मी मोबाईलवर घेतला. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या, एका पडक्या बंदरात एकमेकांवर गोळ्या झाडायच्या आणि हेडफोन लावून आपल्या टोळीशी बोलायचं. मला बोलण्याचीच जास्त भूक होती. चेन्नईला येऊन दोन वर्षं झाली होती आणि मामा सोडला तर कुणाशी पोटभर बोलणं नव्हतं.

मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. सावकारपेठेत त्याचं गलाईचं दुकान. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. आमच्या खानापूर तालुक्यातली घरंच्या घरं याच कामावर देशभर पांगलीत. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा मामानं बोलावून घेतलं नसतं तर माझं काय झालं असतं, हे मी अजूनही नीट विचार करून बघत नाही. भीती वाटते.

दुकानाचा एक नियम होता. बाहेर पडताना हात दाराजवळच्या टबात धुवायचे. ते पाणी फेकायचं नाही, त्यात सोन्याचा कण असतो. नुसतं चहाला निघालो तरी मामा आतून ओरडायचा, "हात धुतलंस का रं टबात? का गावाला वाटत निघालास?"

दुपारी भट्टी दोन तास थंड असायची. तेव्हा मी खेळायचो. एकदा मागून कुणीतरी येऊन मला टिपलं आणि मी ओरडलो, "आरं मेलो की!"

टोळीतला एकजण थबकला. "अय्यो, तुम्ही मराठी का?"

त्याचं मराठी आमच्या सातवीच्या इतिहासात छापलेल्या जुन्या पत्रासारखं, आणि हेल सगळा तमिळ. घराणं तंजावरचं, आता चेन्नईतच वेस्ट मांबलमला राहायला, केमिस्ट्रीत बी.एस्सी.ला. घरात आईशीच तेवढं मराठी. "तू कुठं शिकतोस?" त्यानं विचारलं.

"केमिकल इंजिनियरिंग," मी म्हणालो. तेजाबाचा वास नाकात बसलेला होता, तोच तोंडातून बाहेर आला असावा.

त्यानं विश्वास ठेवला, आणि पुढं तो ठेवायला मीच कारण देत गेलो. त्याची तोंडी परीक्षा होती. त्यानं विचारलं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची तार सोडली तर काय होतं? हे तर मी रोज बघायचो. सांगितलं, "चांदी केसासारखी तारेला चिकटते. पाणी हळूहळू निळं होतं. गडबड केलीस तर चांदी गळून खाली बसते."

"आणि इक्वेशन?"

"हॅलो? आवाज तुटतोय तुझा."

त्याला चांगले मार्क पडले. मला महिनाभर झोप नीट लागली नाही.

मग एक दिवस गेम उघडला तर समोर सूचना. खेळणारे कमी झाले, महिनाअखेरीला सर्व्हर बंद. आम्ही एकमेकांचा नंबर कधी घेतला नव्हता. मी मुद्दामच टाळला होता. नंबर दिला की फोटो आला, फोटोमागं भट्टी आली. आता गेम गेला की तोही जाणार. तोच म्हणाला, "रविवारी घरी जेवायला ये. आईला तुमच्याकडचं मराठी ऐकायचंय."

गेलो नाही तर एकुलता एक मित्र संपतो, आणि गेलो तर उघडा पडतो. गेलो.

तो मांबलम स्टेशनच्या जिन्यापाशी उभा होता. माझ्यापेक्षा बुटका, चष्मेवाला. त्यानं हात पुढं केला आणि माझी बोटं बघितली. चांदीच्या पाण्यानं दहाही काळी. मी ती लिंबानं, राखेनं घासून आलो होतो. तो हसायला लागला. स्वतःचं एक बोट वर करून दाखवलं, त्याच्यावर तसाच एक काळा ठिपका. "सिल्व्हर नायट्रेट! तुमच्या लॅबमध्येही ग्लोव्ह्ज देत नाहीत की काय?"

नुसतं हो म्हणायचं होतं.

"लॅब नाही," मी म्हणालो. "गलाईचं दुकान आहे. नववीत शाळा सोडलीय मी."

शेजारून गाडी गेली. तो चष्मा पुसत राहिला. मग तमिळ वळणानं म्हणाला, "घरी सांगू नकोस, पा. मी आईला सांगितलंय, मित्र इंजिनियर होणार म्हणून."

तेव्हा मी इंजिनियर म्हणूनच जेवलो. त्याच्या आईनं, काकूंनी, डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, आंबट-गोड भाजी वाढली. परत परत विचारलं, "परीक्षा केव्हा?" मी म्हणालो, "मार्चात." त्यांनी लगेच देवापाशी बघून हात जोडले. हात धुवायला बेसिनपाशी गेलो तर नळ सोडवेना. सवयीनं टब शोधत होतो.

गेम बंद झाला. आता नंबर होता. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "आई विचारते, कधी येतोस?"

"येतो. पण ह्या खेपेला सांगणार."

तो म्हणाला, "सरी, बरं. जेवल्यावर सांग, डा. नाहीतर दोघं उपाशी."

मी जेवायच्या आधीच सांगितलं, उभ्या-उभ्या. काकूंनी ऐकून घेतलं. माझ्या बोटांकडं बघून म्हणाल्या, "मग हे काळं जात नाही का कधी?"

"कातडी बदलली की जातं. तोवर परत लागतं."

"बैस," त्या म्हणाल्या, आणि पान वाढलं. भात दोनदा वाढला. एवढ्या लांब कुणी मला असं जेवू घातलेलं नव्हतं. नंतरही मी जात राहिलो. काकू घरचं विचारतात, मामाचं विचारतात.

परीक्षेचं मात्र त्यांनी परत कधी विचारलं नाही. दर वेळी पानावर बसलो की मी त्या प्रश्नाचीच वाट बघतो, त्या जोडलेल्या हातांची.