हनोई की दानांग? पणजोबांचा एकच प्रश्न

मंडळी, मी इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला चाललेय! हनोई की दानांग, ते शाळेला उद्या कळवायचंय. आज दोन्हीकडचं भाडं, हवा, वायफाय, सगळं हिमायतनगरला पणजोबांना दाखवलं. ते शंभरीला आलेत, आणि तेही इंग्रजीचेच मास्तर.

"हे ठीक आहे गं. लोक कसे आहेत तिथले?"

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. १९४८ ची पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली, निजामाचं राज्य गेलेलं, हिंदू-मुसलमान एकमेकांना बिचकून. घरचे म्हणत होते पुण्याला जा, पण हे परभणीहून इथे, निजामाच्या राजधानीच्या शहरात, नोकरी बघायला आले. अफझलगंजला रस्ता चुकले. जिथे उतरायचं होतं त्या घराचा पत्ता एका अत्तरवाल्या चाचांना विचारला, तर त्यांनी दुकान बंद केलं आणि पार हिमायतनगरपर्यंत चालत आणून सोडलं.

"त्या दिवसांत? भीती नाही वाटली?"

"वाटली की! मला त्यांची, त्यांना माझी. रस्ताभर दोघं नुसते थंडीबद्दल बोलत होतो. दारात म्हणाले, 'बेटा, यहींच रह जाओ.' आणि एकटे परत गेले, अंधारात. मी राहिलो."

मी भाड्याची यादी बंदच केली.

तर हनोई-दानांगमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? भाडं नका सांगू. तिथे रस्ता चुकलात तेव्हा काय झालं, ते सांगा.