आण्णाचा सांडवा

आण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या सासरी, प्रकाशा गावाला, तापीवर गोधड्या धूत होते. खाणीवरचा गाडीवान काठावर येऊन उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "बाई, चाल." त्याच्या तोंडाकडे बघूनच मी समजले. दगडाची भुकटी आण्णाच्या छातीत बसली होती, त्याचा खोकला आम्ही वर्षभर ऐकत होतो. तरी पण... माणूस आपला असला की मन शहाणं होत नाही. पिळलेली गोधडी तशीच ओली गाडीत टाकून निघाले.

माझा हा थोरला भाऊ रेल्वेला खडी पुरवणाऱ्या एका खाणीवर मुकादम होता. नंदुरबारपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. पण त्याआधी, तरणा असताना, तो एका ठेकेदाराबरोबर चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत गेला होता. तिथं एका पावसाळ्यात खाणीच्या मातीचा ढिगारा पाण्यासरशी सुटला आणि मजुरांच्या झोपड्यांत शिरला. आण्णा ते कधी नीट सांगायचा नाही. एकदाच बोलला, की झोळीत पोर होतं आणि काळा चिखल झोळीपर्यंत आला होता. त्यानंतर तिथल्या साहेबानं चर खणून घेतले, ढिगाऱ्याखाली तळं करवलं. त्या कामात आण्णाचे हात होते. तेच शिकून तो गावाकडे आला.

इथंही तसाच, खडी फोडून उरलेल्या चुरीचा आणि मातीचा ढिगारा. खाली नाला, नाल्याकाठी मजुरांची वस्ती, आणि वस्तीतच आण्णाचं घर. पाऊस झाला की नाला पांढराफटक व्हायचा, खालच्या शेतांवर चुरीचा थर बसायचा. आण्णानं ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणून मागच्या डोंगराचं पाणी बाजूला काढलं, माती धरून ठेवायला उतारावर निरगुडी आणि घायपात लावली, आणि पायथ्याशी मातीचा बांध घालून तळं केलं. गढूळ पाणी तिथं थांबायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळ पाणी सांडव्यावरून निघून जायचं. सांडवा म्हणजे बांधाच्या टोकाला, बांधापेक्षा बुटकी ठेवलेली दगडी वाट. ती बुजली तर पाणी बांधावर चढणार, मातीचा बांध खचणार आणि सगळा गाळ वस्तीवर येणार. एवढी साधी गोष्ट होती.

पण आम्हा खानदेशी माणसांना वाहून जाणारं पाणी बघवत नाही हो! निवळशंख पाणी डोळ्यांदेखत सांडतंय म्हटल्यावर गावाचा जीव खालीवर व्हायचा. पावसानं जरा उघडीप दिली की कुणीतरी सांडव्यात दगड रचायचं, वरून चिखल लिंपायचं. आण्णा जाऊन काढायचा. ते पुन्हा रचायचे. लोक त्याला 'पाणीसोड्या' म्हणायला लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्याच्याकडे माहेरपणाला गेले की बायका मला ऐकवायच्या, तुझा भाऊ आमची गुरं तहानेनं मारणार. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! मीही तोंडाची फटकळ. एकदोघींशी बोलणं तुटलं ते अजून तुटलेलंच आहे.

एका पोळ्याला मी तिथं असताना तर कहर झाला. बैल धुवायला तळं तुडुंब हवं म्हणून गावानं सांडवा हातभर चढवला. आण्णा भरल्या ताटावरून उठून गेला. ओली शिंगं मिरवत बैल पाण्यात उभे, आणि हा वाकून एकेक दगड काढतोय. कुणीतरी त्याला ढकललं. तो चिखलात पडला, उठला, पुन्हा वाकला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, कशाला पाण्यात राहून माशाशी वैर? वर न बघता म्हणाला, "बाई, पानीले वाट दे, नहीतं ते सोतानी वाट करी लेई. आन् ती वाट आपला घरमाईन जाई."

दिवस मावळायच्या आत डोंगरावर पाऊस असा कोसळला की मोकळा झालेला सांडवा भरभरून वाहिला तरी बांधाला जेमतेम चार बोटं उरली. वस्तीत चुली पेटल्या, लोक जेवले, निजले. काहीच झालं नाही... आणि काही झालं नाही म्हणूनच कुणाला काही कळलं नाही. न पडलेल्या घराचे उपकार कोण मानतो? त्या पोळ्यापासून गावानं आण्णाला पंगतीला बोलावणं सोडलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेल्यावर मात्र माणूस चांगला होतो. तेराव्याला गाव लोटलं. म्हातारे डोळे पुसत होते. आण्णाच्या नावानं काहीतरी करायचं गावानं ठरवलंय, असं पाटील म्हणाले तेव्हा मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

काही दिवसांनी पुन्हा गेले. बघते तर सांडवा बांधाच्या बरोबरीनं, चुन्यात पक्का बांधून काढलेला. मधोमध घडीव दगड आणि त्यावर आण्णाचं नाव! पाण्याला जायला वाटच उरली नव्हती. पाटील मोठ्या मायेनं म्हणाले, "आते थेंबभर पानी वाया जावाव नही, बाई. तुन्हा भाऊनं नाव राही." मी हात जोडून समजावलं. त्यांना वाटलं, बहीण दुःखानं भ्रमली. नवा मुकादम म्हणतो, गावानं बांधलं, आम्ही कशाला मधे पडू? इकडे इंग्रजांच्या लढाईमुळं रेल्वेची खडीची मागणी वाढलीय, ढिगारा पूर्वीपेक्षा थोराड झालाय.

वहिनीला म्हटलं, लेकरं घेऊन प्रकाशाला चल. ती रोज सकाळी त्या दगडाला फूल वाहते. म्हणाली, "त्यासनं नाव शे तठे. मी कशी येऊ?" मी एकटीच प्रकाशाला परतले.

काल निरोप आला, तळं चढायला लागलंय. मी गाडी सांगितली आहे, पहारही घेतली आहे. भावाचं नाव फोडायला गावातलं कुणी पुढं येणार नाही, आणि वहिनी मला जन्मात क्षमा करणार नाही. पण हा मजकूर छापून तुमच्या हाती पडेल तोवर तो दगड फुटलेला असेल... नाहीतर मला उशीर झालेला असेल.