हात पोचेल तेवढे केस

सोमवारी सकाळी ह्यांनी माझी वेणी घातली. साडेनऊला आम्ही दोघं घराबाहेर पडलो; मी वाचनालयात, हे त्यांच्या कचेरीत. साडेबाराला फोन आला. मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी चादर तोंडावर ओढली होती.

संध्याकाळी पुरुष स्मशानातून परतल्यावर घरातल्या सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची असते. शेजारणीने मला मोरीपाशी बसवून वेणी सोडली. तिच्या दृष्टीने ती एक वेणी होती. सोडताना ती माझ्याशी काहीबाही बोलत होती आणि मी तिला थांब म्हणू शकले नाही.

चार वर्षांपूर्वी घरामागच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. केस कमरेपर्यंत. डाव्या हाताने कसाबसा जमवलेला अंबाडा वाचनालयाच्या जिन्यातच सुटायचा. एका सकाळी ह्यांनी आमच्या खोलीचं दार लोटलं, कंगवा उचलला आणि म्हणाले, "बस. कसं ते सांग."

मला सांगता येईना. कुठल्याही पुस्तकाचा विषय दोन ओळींत लिहिणारी मी, पण माझे हात जन्मभर न बघता जे करत आले होते त्याला माझ्याकडे शब्द नव्हते. शेवटी सुतळीचे तीन तुकडे खुर्चीच्या पाठीला बांधले आणि त्यांच्यावर शिकवलं. पहिला महिनाभर हे तोंडाने पुटपुटत. "ही वर. ही मध्ये. आता ती." नंतर पुटपुटणं थांबलं.

कोणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं नव्हतं. पण पलीकडच्या खोलीत सासूबाई असत, आणि मुलगा बायकोच्या मागे कंगवा घेऊन उभा आहे हे त्यांना रुचलं नसतं. म्हणून दार लोटलेलं. पुढे ते कारण कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. दिवसातली तेवढी दहा मिनिटं आमची दोघांची होती आणि त्यांची वाच्यता आम्ही आपसातही केली नाही.

हे गेल्यानंतर दोन महिने मी केस क्लचरमध्ये कोंबून दिवस काढले. आतून गुंता होत गेला. रात्री कुशीवर वळताना केस पाठीखाली अडकायचे आणि मान मागे ओढली जायची. सासूबाईंनी एकदा प्रयत्न केला, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांची बोटं थरथरतात. मी म्हटलं, "आई, कापूनच टाकते."

त्यांनी कंगवा खाली ठेवला. "माझ्या आत्याचे कापलेले मी बघितलेत. परसात पाटावर बसवली होती. ह्या घरात नको. आणि लोक काय म्हणतील? म्हणतील, सासूने कापवले."

तरी मी गेले. नाचणे रोडला पहिल्या मजल्यावर एक पार्लर आहे. चालवणारी लांज्याकडची, तिशीतली, हाताने चपळ, तोंडाने त्याहून. तिने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. दोन्ही हात आत गेले.

"किती कापू, काकू? दोन बोटं?"

"नाही. मानेपर्यंत."

कात्री थांबली. ती आरशातून माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"सासूबाईंनी?"

"नाही हो."

"सगळ्या असंच म्हणतात." ती समोर येऊन उभी राहिली. "माझी आई एकोणतिसाव्या वर्षी अशी झाली. तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी दाराआड होते. माझ्या हातून असलं काय होणार नाय. ते दिवस गेले आता."

शेजारच्या खुर्चीत भुवया करायला आलेली एक बाई पडल्या पडल्या म्हणाली, "अगो, त्यांना फॅशन करायची असेल."

"ह्या वयात?"

"का? वय झालं की डोकं गळून पडतं काय?"

दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग कापडाच्या आत उजवा हात जरासा उचलत म्हटलं, "खांदा मोडला होता. वेणी घालता येत नाही."

"कधी मोडला?"

"चार वर्षं झाली."

"मग चार वर्षं कोण घालत होतं?"

प्रश्न अगदी साधा होता. उत्तर दोन शब्दांचं होतं. मी आरशात बघत राहिले. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं आणि तेही भुवया करायला आलेल्या बाईसमोर काढून ठेवायचं, हे मला जमेना.

गप्प राहिल्याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला. "सासूबाई घालायच्या," ती हळूच म्हणाली. "आणि आता नाय घालत." तिने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "मुलगा गेला की सून नकोशी होते ओ. काय नाय. तुम्ही रोज कामावर जाताना इथे यायचं. मी घालीन. एक पैसा घेणार नाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं.

रोज सव्वानऊला मी तो जिना चढू लागले. तिची वेणी ह्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. घट्ट, सरळ, संध्याकाळपर्यंत एक केस न सुटणारी. वाचनालयात लोक म्हणाले, सावरल्यात हो. घरी सासूबाई वेणीकडे बघून समाधानाने मान हलवायच्या. मी मात्र खुर्चीत बसले की मागे सरकणाऱ्या बोटांचा हिशोब मनात आपोआप चालू व्हायचा. ही वर, ही मध्ये. ती फार भरभर घालायची. तीन मिनिटांत ते संपायचं आणि ती खांद्यावर थोपटून म्हणायची, "झाल्या बघा आमच्या काकू तयार." एकदा तिने अबोलीचा गजरा आणून माळला. तिच्या आईला कोणी माळू दिला नव्हता म्हणून. तो मी कसा काढणार होते? दिवसभर तो डोक्यावर घेऊन मी पुस्तकांवर शिक्के मारले.

सुटीच्या दिवशीही तिचा फोन यायचा, येताय ना? केस लहान करण्याचा विषय मी पुन्हा काढला की ती कानावर हात ठेवायची. एका कागदावर मी सगळं लिहूनही नेलं होतं. तो पर्समध्येच राहिला.

असे चार महिने गेले. एका सकाळी भुवयांवाली बाई पुन्हा आलेली होती. वेणी घालता घालता पार्लरवाली तिला सांगू लागली, "ह्या काकू. बघ. चार वर्षं वेणी घालणारी म्हातारी, मुलगा गेल्या दिवसापासून हात लावत नाय. तोंड बघायचं नाय म्हणते."

"मेली," ती बाई म्हणाली.

मी सकाळी निघताना सासूबाईंनी थरथरत्या हातांनी माझ्या डब्यात लोणच्याची फोड ठेवली होती. झाकण लागेना तर दोनदा दाबून बघितलं होतं.

"त्या नाही घालत होत्या," मी म्हटलं. "हे घालायचे."

"हे कोण?"

"माझे यजमान."

मागची बोटं जागीच थांबली. शेजारची बाई उठून बसली. "अगो बाई! आमच्याकडचे स्वतःचा टॉवेल वाळत घालत नायत." मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं आणि ती पुन्हा आडवी झाली.

पार्लरवालीने अर्धवट घातलेली वेणी सोडली. "आणि मी रोज..." एवढंच म्हणाली. मग गळ्याभोवतीचं कापड काढून टाकलं आणि खुर्ची आपल्याकडे वळवली.

"उजवा हात वर करा. जातो तेवढाच."

मी केला.

"आता डावा. मागे न्या." तिने माझ्या हातात कंगवा दिला. "विंचरा."

मी विंचरू लागले. मानेच्या खाली, दोन बोटांवर, हात अडला. कंगवा जिथे थांबला तिथे तिने बोट टेकवलं.

"इथपर्यंत पोचता. मग केस इथपर्यंत. चालेल?"

"चालेल."

तिने आधी रबर लावून मग कात्री चालवली. एवढे केस एका दमात कापले जात नाहीत; दोरखंडासारखे ते थोडे थोडे तुटत गेले. "नेणार?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. मान इतकी हलकी झाली की जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं.

रत्नागिरी एवढीशी. ही हकिगत मी घरी सांगण्याआधीच शेजारणीकडून सासूबाईंपर्यंत पोचली. केस बघून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तो घालायचा?"

"हो."

"नीट येत होती त्याला?"

"सुरुवातीला नाही. नंतर येत होती."

"मला कधी बोलला नाही," त्या म्हणाल्या, आणि निवडलेली जुडी पुन्हा निवडू लागल्या.

ती दहा मिनिटं आता माझ्या एकटीची नाहीत. लोक ती आपापल्या तऱ्हेने सांगतात. कोणी कौतुकाने, कोणी हसून. मी ऐकते तेव्हा तीही मला कुणा दुसऱ्या घरची वाटतात. दर दीड महिन्याने मी पार्लरमध्ये जाते. ती विचारते, "तेवढेच ना?" मी हो म्हणते.