सिंधूताई काये

माफ करून टाका, सोडून द्या, मोठं मन करा असं सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्या नावाचा खेळ कुणी केलेला नसतो, म्हणून त्यांना सुचतं ते. आमच्या सोनाळ्याच्या शाळेच्या कार्यालयात सिंधूताई काळे बसतात. त्यांनी माफ केलं नाही आणि सोडूनही दिलं नाही, म्हणून मला त्या आवडतात. मी शेजारच्या खोलीत ग्रंथपाल आहे. मधे फक्त एक काच आहे, त्यामुळे ऐकीव असं यात काही नाही.

सिंधूताईंचं सासर-माहेर दोन्ही सोनाळ्यातच. नवरा लवकर गेला. शाळेत टाइपरायटर होता तेव्हापासून त्या दाखले टाइप करतायत. घरी मुलगा, सून, पाचवीतली नात काजल आणि चार-दोन शेळ्या. बाई कामाला वाघ, पण डूख धरण्यात नागिणीला हरवतील. एकदा बाजारात एकानं त्यांच्या पिशवीत किडकी वांगी घातली. त्या त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. मात्र तेव्हापासून दर बाजाराला दुसरीकडून भाजी घेऊन, भरलेली पिशवी हलवत, मुद्दाम त्याच्याच दुकानासमोरून जातात. तो माणूस आता त्यांना पाहिलं की तराजू पुसायला लागतो.

गेल्या वर्षी संस्थेनं कार्यालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये नवीन सिस्टीम टाकली. जुनी बंद होणार, आता हीच चालणार, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. अध्यक्ष म्हणजे बाळासाहेब पिंगळे. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ते घरच्या गड्यासारखं वागवतात. नवीन सिस्टीमवरून कार्यालयात घरोघरच्या भांडणासारखं वातावरण झालं. सुरुवातीचं बटन पूर्वी डाव्या कोपऱ्यात होतं, ते उठून मधोमध जाऊन बसलं होतं. डाव्या कोपऱ्यात आता हवामान. कॅशियर गजेंद्रभाऊंचा हात सवयीनं तिकडेच जायचा, आणि दर वेळी फीच्या पावतीऐवजी आज ऊन किती आहे ते समोर यायचं.

"मले ऊन दिसते ना बे खिडकीतून," ते मशीनवर ओरडायचे. "मले पावती पायजे!"

डिंपल नावाची आमची तरुण क्लार्क मात्र खूश होती. गोल कोपरे, झुळझुळीत रंग, सकाळी वेगळा फोटो. मुख्याध्यापक म्हणाले, चांगली आहे. पण त्यांचा कॉम्प्युटर डिंपलच चालवते, त्यामुळे त्यांच्या मताला तसा अर्थ नाही. मला ती सिस्टीम मेली बघवत नव्हती. प्रिंटचं साधं काम तीन पडद्यांमागं लपवून ठेवलेलं.

आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त आवडली ती सिंधूताईंना. कारण तिच्यात बोलून टाइप करायची सोय होती. त्यांची बोटं आखडतात, थंडीत तर वळतच नाहीत. माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, की अक्षरं आपोआप उमटायची. पहिल्या दिवशी त्या मला हात धरून घेऊन गेल्या.

"पाय अश्विनी, मी बोलून राह्यली आन ते लिहून राह्यलं. बाप्पा! देवच हाय हा!"

तो देव त्यांच्या मुळावर उठला. त्याचं कारण आमची बोली. आमच्याकडे बोलताना ळ टिकत नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, आणि आमचं सोनाळा म्हणजे सोनाया. लिहिताना मात्र आम्ही सगळे बरोबर ळच लिहितो. बोलायचं एक, लिहायचं एक, यात आम्हाला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती मशीनला, कारण ते ऐकतं तसं लिहितं.

नवीन सिस्टीम शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. बाळासाहेब सोबत होते. कार्यालयाच्या प्रत्येक खिडकीवर नावाची पाटी लावायची ठरली होती. तेव्हा साहेब म्हणाले, प्रत्येकानं माइकवर आपलं नाव सांगा, तेच थेट पाटीवाल्याकडे पाठवू, तेवढाच सराव होईल. गजेंद्रभाऊंचं नाव बरोबर आलं. डिंपलचं आलं. सिंधूताईंनी पदर सावरून आपलं नाव सांगितलं आणि पडद्यावर उमटलं: सिंधूताई काये.

पुण्याचे साहेब हसले. "सिंधूताई काये? अहो, सिंधूताई काय आहे ते आम्हालाही कळू द्या!"

त्यांचं एक वेळ सोडा, ते परके होते. पण बाळासाहेब पोट धरून हसले. परक्या माणसासमोर ते फार शुद्ध बोलतात. "असंच राहू द्या," ते म्हणाले. "जशी वाणी, तशी पाटी."

थट्टा वाटली आम्हाला. पण आठवड्यानं पाट्या आल्या, तेव्हा सिंधूताईंच्या खिडकीवर खरोखरच ‘सिंधूताई काये’ अशी निळी पाटी लागली. त्या बाळासाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, आधी शुद्ध बोलायला शिका. पाटी आपोआप शुद्ध होईल." पुन्हा गेल्या, तेव्हा म्हणाले की खर्च पडतो. सिंधूताई स्वतःच्या पैशानं दुसरी पाटी करून घ्यायला तयार होत्या, तर म्हणाले, संस्थेच्या भिंतीवर खासगी पाटी लावता येणार नाही. हे सगळं हसत हसत. मला तर त्या हसण्याचाच जास्त संताप यायचा.

दाखला घ्यायला आलेले पालक पाटी वाचायचे आणि गालात हसायचे. पोरं जाता-येता खिडकीत डोकावून "काये?" असं ओरडून पळायची. सिंधूताई मान वर करायच्या नाहीत. मग एक दिवस मधल्या सुट्टीत काजल त्यांच्याकडे आली. हातात नवीन वही होती, डोळे रडून सुजलेले.

"आजी, मी वहीवर काळे लिहू का काये? पोरी म्हणतात, तुह्या आजीच्या पाटीवर लिहिलं तेच तुहं खरं आडनाव हाय."

सिंधूताईंनी तिच्या वहीवर स्वतःच्या आखडलेल्या बोटांनी ‘काळे’ लिहिलं. ळ मोठा काढला. तिला पाठवून दिलं आणि माझ्या खोलीत येऊन बसल्या. पाणी प्यायल्या नाहीत.

"त्या मशीनचा दोष नाई," त्या म्हणाल्या. "थे बिचारं जे ऐकते थे लिहिते. हसला कोन? माह्या मालकाचं नाव हाय थे. माही नात रडली. अश्विनी, मी याच्याच नावानं सबन गाव हसवीन, पायजो तू."

"कसं काय?"

"बायासाहेब लोकाईपुढं शुद्ध बोलते. पन तापला का त्याचाबी ळ जाते. थो बी सोनायाचाच हाय."

मला ते पटलं. बाळासाहेब चिडले की मूळ पदावर येतात, हे शाळेतल्या बाकांनाही माहीत आहे. पण त्यांना मशीनसमोर चिडवायचं कसं? सिंधूताई घाई करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी वाट पाहिली.

बाळासाहेबांना कसलासा पुरस्कार मिळाला आणि शाळेत त्यांचा सत्कार ठरला. सत्कार ठेवणारी संस्था त्यांची, सत्कारमूर्ती तेच, आणि फ्लेक्सवर काय लिहायचं ते सांगणारेही तेच. चिखलीहून संस्थेचे दोन जुने सभासद आले होते. त्यांना नवीन सिस्टीमची कमाल दाखवावी म्हणून बाळासाहेब त्यांना घेऊन कार्यालयात आले. मी पुस्तकं लावायचं सोडून काचेशी उभी राहिले.

"कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही," बाळासाहेब म्हणाले. "आता आपण फक्त बोलायचं." आणि घसा साफ करून, एकेक अक्षर तोलत, त्यांनी मजकूर सांगितला. सोनाळा येथील भूमिपुत्र माननीय बाळासाहेब पिंगळे यांचा भव्य नागरी सत्कार. एकूण एक ळ जागच्या जागी. पडद्यावर निर्मळ मजकूर उमटला. पाहुण्यांनी वाहवा केली. माझा जीव खट्टू झाला.

सिंधूताई शांतपणे खुर्चीवरून उठल्या. "गजेंद्रभाऊ, मले दिसून नाई राह्यलं. तुमीच द्या ना तेवढं शेगावले पाठवून."

शेगावचा कुलदीप आमचे फ्लेक्स छापतो. गजेंद्रभाऊ बसले, आणि त्यांचा हात सवयीनं गेला डाव्या कोपऱ्यात. झालं. माननीय बाळासाहेबांवर संग्रामपूर तालुक्याचं हवामान येऊन पडलं. गजेंद्रभाऊ घाबरले, दिसेल ती फुली दाबत सुटले, आणि त्या गडबडीत मजकूरही गेला.

"काय केलं बे हे!" बाळासाहेब कडाडले. पाहुण्यांसमोर फजिती झालेली. सिंधूताई लगेच खुर्चीत येऊन बसल्या. "साहेब, परत सांगा. पन मोठ्यानं. मघापासून त्याले नीट ऐकू नाई येऊन राह्यलं."

त्यांनी सांगितलं. सिंधूताई म्हणाल्या, आलं नाही. खरं म्हणजे त्यांनी माइक दाबलाच नव्हता. मग दाबला.

"कितीक येया सांगू?" बाळासाहेब टेबलावर हात आपटून ओरडले. "लिही! सोनाया येथील भूमिपुत्र माननीय बायासाहेब पिंगये यांचा भव्य नागरी सत्कार! झालं?"

"हाव साहेब, झालं." आधीचं ‘कितीक येया सांगू, लिही’ आणि शेवटचं ‘झालं?’ तेवढं सिंधूताईंनी पुसलं. बाकी कशाला हात लावला नाही. पाहुणे बाळासाहेबांचा पारा पाहून दाराशी सरकले होते. हुकूमच तसा होता.

"वाचून दाखव." चारचौघांत चष्मा लावला तर वय दिसतं, म्हणून बाळासाहेब चष्मा खिशातच ठेवतात.

सिंधूताईंनी पडद्यावर जे होतं ते जसंच्या तसं वाचलं. "सोनाया येथील भूमिपुत्र माननीय बायासाहेब पिंगये यांचा भव्य नागरी सत्कार." यात खोटं काही नव्हतं, आणि सोनाळ्याच्या कानाला चुकीचंही काही नव्हतं. जन्मापासून त्यांची आई त्यांना याच नावानं हाक मारत आली होती.

"बरोबर. पाठव," बाळासाहेब म्हणाले. "आन त्या कुलदीपले सांग, आपली अक्कल चालवू नको. पाठोलं तसं छाप."

डिंपलनं पडदा पाहिला होता. तिनं ओढणी तोंडात कोंबली. सिंधूताईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ती फायली आणायला निघून गेली. मी काय करणार होते? मी पुस्तकं लावायला गेले. सांगून टाकावं असं एकदाही मनात आलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

सत्काराच्या सकाळी शाळेच्या फाटकावर चांगला रुंद फ्लेक्स चढला. बाळासाहेबांचा हात जोडलेला फोटो आणि त्याखाली लाल अक्षरात ‘माननीय बायासाहेब पिंगये’. येणारा प्रत्येक माणूस फाटकाशी थबकत होता. पोरं मोठ्यानं वाचत होती. मग बचत गटाच्या बायका आल्या, आणि निमंत्रण नसताना आणखी कितीतरी आल्या. पुष्पांजलीबाई, त्यांची अध्यक्ष, थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. स्वयंसेवक उठवायला आला तर म्हणाली, "काऊन उठू? बाहीर लिहिलं ना, बायाईचा सत्कार हाय म्हनून!"

मांडव फुटला हसण्यानं. मी आयुष्यात इतकं हसले नव्हते. बाळासाहेब गाडीतून उतरले, लोक का हसतात ते कळेना, शेवटी त्यांनी चारचौघांत चष्मा लावला.

सत्कार कसाबसा उरकल्यावर कार्यालयात पंचायत बसली. चिखलीचे सभासद होते, मुख्याध्यापक होते, आम्ही सगळे होतो. बाळासाहेबांचा चेहरा फ्लेक्सच्या अक्षरांसारखा लाल.

"हे काय लिहिलं?"

"तुमी बोल्ले थेच, साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "वाचूनबी दाखोलं. तुमी बरोबर म्हन्ले."

"कायेबाई!" ते ओरडले. "आपन बोलतो तसं कोनी लिहिते का? बोलायचं येगयं रायते, लिहायचं येगयं रायते! मानसाचं नाव हाय थे! चारचौघं हसतात, घरचे लेकरं रडतात!"

सिंधूताईंनी मान वळवली आणि आपल्या खिडकीवरच्या निळ्या पाटीकडे पाहिलं. मग गजेंद्रभाऊंनी पाहिलं, डिंपलनं पाहिलं, पाहुण्यांनी पाहिलं. शेवटी बाळासाहेबांनाही तिकडे पाहावं लागलं. चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

"हेच सांगाले मी तुमच्याकडं येत होती साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "माही नात रडली तवा तुमी हसले."

पाटी दुसऱ्या दिवशी बदलली. ‘सिंधूताई काळे’, ळ चांगला ठसठशीत. काजल मधल्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन आली आणि त्यांना ती पाटी मोठ्यानं वाचायला लावली. आजीवर गेलीय पोरगी.

फ्लेक्स मात्र उतरवला त्याच संध्याकाळी सिंधूताईंनी घडी घालून घरी नेला. आता तो त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे, अक्षरं रस्त्याच्या बाजूला. बाळासाहेबांची गाडी शाळेत येताना रोज तिथूनच जाते. त्यांनी शिपायाकरवी तो परत मागितला, नवीन ताडपत्री देतो म्हणाले. शेवटी स्वतः खिडकीशी आले आणि हळू आवाजात बोलले.

"पावसाया संपू द्या साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "शेया भिजतीन."

तो पावसाळा संपला. उन्हाळा गेला. आता दुसरा पावसाळा चालू आहे.