सुस्वातगम्

कुणालाही न दिसलेली चूक मी भर खाडीत दुरुस्त करायला गेलो.

पंचावन्न-छप्पन साल असेल. देवबागच्या आमच्या शाळेला सातवीचा वर्ग हवा होता आणि मला त्या वर्गाचा मास्तर व्हायचं होतं. पहिलीला शिकवून मी विटलो होतो. पोरांचं बोट एकेका अक्षराखाली धरता धरता माझी स्वतःची वाचायची रीतही तशीच झालेली.

शाळा तपासायला साहेब खाडीपलीकडून होडीने येणार होते. स्वागताची कल्पना अर्थात माझीच. पाच होड्या ओळीने नांगरायच्या आणि प्रत्येकीवर एका अक्षराचं कापड ताणायचं: सु, स्वा, ग, त, म्.

साहेबांना आणायला हेडमास्तर आणि मी गेलो. परतताना अर्ध्या खाडीत साहेबांनी समोर बघून मोठ्याने वाचलं, "सुस्वागतम्! वा, झकास!"

हेडमास्तर फुलले. मी मात्र सवयीने अक्षर-अक्षर लावत गेलो आणि तिसऱ्या अक्षरावर अडलो. मधल्या दोघा होडीवाल्यांनी एकमेकांच्या जागी नांगर टाकले होते. सुस्वातगम्!

साहेबांनी शब्दाचं तोंड-शेपूट बघितलं होतं, पोट मनानेच भरून घेतलं होतं. बाजारात ओळखीचा माणूस लांबून दिसला तर त्याच्या सदऱ्याची बटणं कोण मोजतो? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी होडीत उभा राहून बोंबललो, "ए ग, डावीकडे सरक! त, तू उजवीकडे!"

"गुरुजीनू, ग मी काय तो?"

"अरे, कापडावर वाच ना!"

"वाचूक येयना म्हणान तर होडयेर आसंय!"

शेवटी दोघेही ग झाले. दोघांनी नांगर उचलले, दोघेही डावीकडे सुटले, दोरांत दोर अडकले आणि 'स्वा' फिरून आमच्यावरच आली. तिला चुकवताना आमची होडी वाळूच्या पट्टीवर चढली. त्यात ओहोटी. साहेब पाटलोण गुडघ्यापर्यंत गुंडाळून, बूट हातात धरून चिखल तुडवत शाळेत पोचले. मागे खाडीत 'म्' सगळ्यांच्या पुढे आला होता. तो शब्द आता साहेबांच्या बापालाही वाचता आला नसता.

पाय धुता धुता साहेबांनी हेडमास्तरांना विचारलं, "हे कुठला वर्ग घेतात?"

"पहिली."

"सातवी मंजूर करतो. ह्यांना मात्र पहिलीतच ठेवा. शिकवायला नव्हे, बसायला."