पोह्यांवरचा सांभार

मुलगी पाहायला येणाऱ्यांनी मुलीकडच्यांनाच हॉटेलात बोलवायचं, तेही ब्रंचला, हे आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडत होतं. मुलाच्या आईने पुण्याहून फोन केला, की उगाच घरी त्रास नको, रविवारी वर्ध्याला आलो की बाहेरच भेटू. बाबांनी फोन ठेवला आणि ब्रंच म्हणजे काय, असं मला विचारलं. मी सांगितलं, नाश्ता उशिरा आणि जेवण लवकर, दोन्ही एकातच. "म्हंजे एका टायमाची कटौती," बाबा म्हणाले, आणि रविवारी सकाळी घरून पोटभर पोळी-भाजी खाऊनच निघाले. आईलाही जबरदस्तीने दोन घास खायला लावले.

आता खरं सांगते. त्या मुलाला मी पहिल्यांदा पाहणार नव्हते. पुण्यात आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि दोन वर्षं आमचं जमलेलं होतं. पण बाबांना हे सांगायची सोय नव्हती. माझ्या आतेबहिणीने स्वतःचं स्वतः जुळवलं, तर बाबा तिच्या लग्नाला गेले नाहीत, आणि त्यानंतर सख्ख्या बहिणीशीही बोलले नाहीत. आत्या दारात येऊन रडली, तरी हा माणूस घरात बसून पेपर वाचत होता. माझं कळलं असतं तर त्या पेपरमागे मीही गेले असते, आणि ते मला झेपणार नव्हतं. बाप आहे माझा.

मग आम्ही डोकं चालवलं. समाज एकच होता. त्याचा बायोडाटा एका मावशीच्या हातून असा फिरवला, की बाबांना वाटलं स्थळ आपणच शोधलं. मीही आठवडाभर नखरे करून मग हो म्हटलं. त्याच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून त्याच्या घरच्यांनाही अंधारातच ठेवलं होतं. दोन्हीकडचे आईबाप खुशीत आणि आम्ही दोघं नटून तयार.

नागपूर रोडवरचं ते फॅमिली रेस्टॉरंट. एसी इतका, की आईने कानावरून पदर घेतला. मेनूमध्ये 'वऱ्हाडी ब्रंच' असं छापलं होतं, म्हणजे आमच्या चौकात मिळतात तेच तर्रीपोहे, फक्त बशी मोठी आणि पोहे कमी. सगळ्यांसाठी तेच मागवले. पोहे येईपर्यंत त्याने अगदी सभ्यपणे मला छंद विचारले. वाचन, मी म्हणाले. सध्या काय वाचताय, असं विचारलं त्या नालायकाने. मी सुट्टीत दुपारी बारापर्यंत लोळते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची आई मात्र कौतुकाने माझ्याकडे पाहत होती. तिला मी आवडले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ती आवडली. बाबाही पाणी-पावसाच्या गप्पा मारत चांगले खुलले होते.

वाढणारा पोहे घेऊन आला आणि मी घात केला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. सकाळपासून मी जिभेवर पुणेरी मराठी सांभाळली होती, पण तो वाढणारा आपला वर्ध्याचा माणूस. सगळ्यांवर सांभार टाकू ना, असं त्याने विचारलं आणि माझी जीभ घसरली.

"यायच्या पोह्यावर नका टाकू भाऊ, यायले वास चालत नाई."

यायच्या. यायले. आमच्या आया नवऱ्याबद्दल बोलतात ना, तस्सं. आईने वर पंख्याकडे पाहिलं, तिथे पंखाच नव्हता. बाबांचा चमचा हवेतच थांबला. बाबांचं हिंगणीला वावर आहे, आयुष्यभर सांभार, मेथी, वांगी पिकवून वर्ध्याच्या बाजारात विकली, त्यांना वेगळं काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची आई मात्र हसून म्हणाली, बरोबर आहे, पोह्यांवर सांबार कोण घालतं, तो इडलीवरच बरा. मी देवाचे आभार मानले. आभार जरा लवकरच मानले.

बाबांनी त्याला हळूच विचारलं, तुमाले सांभार चालत नाई का. पुण्यात वाढलेल्या मुलाने इथे गोंधळायला हवं होतं. पण दोन वर्षांत मी त्याला पार वऱ्हाडी करून ठेवलेलं. तो म्हणाला, "नाही हो, लहानपणापासूनच. एक पान जरी तोंडात आलं तरी साबणासारखं लागतं."

"सांबाराला कसली रे पानं?" त्याची आई म्हणाली.

बाबांनी समजावून सांगितलं, की आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांभार म्हणतात. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, अगदी साधेपणाने, की याला कोथिंबीर चालत नाही हे तुला कसं कळलं.

तो बशीत पाहत होता, मठ्ठ. मी बाबांकडे पाहिलं. आता हे उठणार, आईला चल म्हणणार, आणि झालं, असंच मला वाटलं. आयुष्यात मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

"मीच सांगतलं तिले," बाबा म्हणाले. "पोरगी द्याची म्हंजे चौकशी नाई करा लागत का? पोरगा काय खाते, काय नाई खात, सारं इचारून घेतलं मी."

त्याच्या वडिलांनी मान डोलावली, म्हणाले, वा, याला म्हणतात बाप. बाबांनी पोह्यांचा मोठा घास घेतला आणि पुढचं सगळं बोलणं तारखा-मुहूर्तांवर नेलं. मला रडू येत होतं, म्हणून तर्री फार तिखट आहे असं म्हणून मी पाणी पीत राहिले.

पाहुणे स्टेशनकडे गेले. आई मागच्या सीटवर बसून झोपल्याचं सोंग करत होती. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं, बाबा."

"म्हटलंच असतं."

मी विचारलं, "आन आता?"

बाबांनी गाडी सुरू केली, मागे पाहत रिव्हर्स घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता कोन्त्या तोंडानं नाई म्हनू? चौकशी मीच केली ना त्याची."